अप्पांच्या हाती ब्रेक

माझे अप्पा स्कूटर चालवत नसत, स्कूटरला फिरायला नेत. मद्रासच्या अण्णा नगरमधल्या आमच्या रस्त्यावर सकाळी दूधवाल्याशिवाय चिटपाखरू नसे, तरी वळणाच्या कितीतरी आधी ते इंडिकेटर लावत, त्यावर भरवसा नाही म्हणून हातही बाहेर काढत, मान वळवून मागे पाहत आणि मग स्कूटरची परवानगी घेतल्यासारखे हळूच वळत. सायकलवरची शाळकरी पोरं त्यांना ओलांडून जात आणि जाताना "वणक्कम सार" म्हणत. अप्पांना त्यात काही टोचत नसे. ते विमा कार्यालयात होते आणि दिवसभर त्यांच्या टेबलावर अपघाताचे दावे येत. माणसं कशी धडकतात हे वाचून वाचून वेगावरचा त्यांचा विश्वास कायमचा उडाला होता. अशा माणसाच्या पोटी मी जन्मले आणि सतराव्या वर्षी मला मोटारशर्यतीचं वेड लागलं. चाळिशी लागली नाही तोच आठवणी लिहायला बसले म्हणून नवरा मला हसतो. हसू दे. अप्पा त्याच्या वाट्याला फक्त सासरे म्हणून आले, माझ्या वाट्याला आले तसे नाहीत.

आम्ही तंजावरकडचे. आमची घरची मराठी ऐकून माझ्या पुण्याच्या नवऱ्याला कुणीतरी बखर वाचतंय असं वाटतं. तिच्यात निम्मं तमिळ आहे हे आम्हाला कुणी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. घर म्हणजे दोन खोल्या आणि एक हॉल. हॉलमध्ये पंख्याची करकर, स्वयंपाकघरातून कुकर, समोरच्या घरातून पहाटेची स्तोत्रं आणि या सगळ्यावर हॉललगतच्या खोलीतल्या आमच्या कॉम्प्युटरचा घरघराट. कॉम्प्युटर अप्पांनीच आणला होता, माझ्या अभ्यासासाठी. आईने पहिल्याच आठवड्यात त्याचा खरा उपयोग शोधून काढला. कॉम्प्युटरचं खोकं वरून उबदार राहतं हे लक्षात येताच तिने त्यावर अप्पलमचा, म्हणजे आमच्या पापडांचा, डबा ठेवला, आणि समुद्राच्या दमट हवेतही आमचे अप्पलम कधी सादळले नाहीत. मी शर्यत खेळायला बसले की आई आतून ओरडायची, "अजून थोडा वेळ खेळ गे, आज पाहुणे आहेत." माझ्या खेळाला घरातून मिळालेलं एवढंच प्रोत्साहन.

खेळ म्हणते खरी, पण तो नुसता खेळ नव्हता. त्यात गाडीला वजन होतं, टायर झिजत, रस्त्याची पकड सुटली की मागचं चाक घसरे. सिम्युलेटर म्हणतात त्याला. अडचण आमच्या कॉम्प्युटरची होती. त्याला एवढं सगळं एकदम झेपत नसे. गाडी भरधाव सुटली की चित्र अडखळायचं, आणि वळण दिसेपर्यंत मी वळणाच्या पलीकडे गवतात उभी असायची. मग मी एकेक ओझं उतरवायला लागले. आधी सावल्या बंद केल्या. मग ढग. मग आरशातलं मागचं दृश्य धूसर केलं. कॉम्प्युटरच्या खोक्याची एक बाजू उघडून टेबलफॅन लावला, तेव्हा आईने अप्पलमचा डबा संभाळून दुसऱ्या बाजूला सरकवला. तरी पुरेना, तेव्हा रस्त्याकडेची झाडं काढली आणि शेवटी प्रेक्षक. गाडी लोण्यासारखी पळू लागली. त्या दिवशी अप्पा कॉफीचा डबरा-टंबलर घेऊन माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"हें काय गे, झाडं कुठे गेलीं?"

"काढलीं अप्पा. झाडं असलीं की गाडी अडखळते."

"आणि माणसं?"

"तींही काढलीं."

"मग कोणाला दाखवायला पळतीस?"

मी पुढची फेरी सुरू केली. अप्पांनी बराच वेळ त्या ओसाड रस्त्याकडे पाहिलं, कॉफी संपवली आणि "पाहायला कोणी नाही, तरी पळते" असं आईला जाऊन सांगितलं. आई म्हणाली, "तुम्ही तरी कोणाला दाखवायला इंडिकेटर लावतां?"

पण मला सांगायलाच हवं की स्टिअरिंग अप्पांनीच घेऊन दिलं. तोवर मी कीबोर्डच्या बाणांवर गाडी चालवत होते. जॉर्ज टाउनमध्ये बंदराच्या बाजूला एक गल्ली होती, तिथे परदेशातून आलेलं जुनं सामान मिळे. आम्ही बसने गेलो, कारण तिथल्या हातगाड्यांच्या गर्दीत स्कूटर नेणं अप्पांच्या मते आत्महत्या होती. दुकानदाराने एक वापरलेलं स्टिअरिंग काढलं, खाली तीन पेडल्स. मी हरखून गेले. अप्पांनी ते उलटंपालटं केलं आणि विचारलं, "हॉर्न कुठे आहे?" दुकानदार म्हणाला, शर्यतीच्या गाडीला हॉर्न नसतो सार. अप्पा म्हणाले, मग समोरच्याला कळणार कसं? या मुद्द्यावर आमची खरेदी जवळजवळ फिसकटली होती.

स्टिअरिंग आल्यावर मी गाडीच्या आत शिरले. गिअरचे दात बदलून पाहिले, मागचा पंख वर-खाली केला, टायरमधली हवा कमी-जास्त केली. एक वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग फेरी मारून पाहायची, हा नियम मी स्वतःच शोधला आणि त्याचा मला फार अभिमान होता. सगळ्यात जास्त जीव मी ब्रेकवर टाकला. माझ्या आवडत्या ट्रॅकवर एक लांबच लांब सरळ रस्ता होता आणि त्याच्या टोकाला उजवीकडे काटकोनात वळण. ते वळलं की समोर शेवटची रेघ. तिथे पेडल किती जोरात दाबायचं, किती हळू सोडायचं, पुढच्या चाकांना ब्रेक किती आणि मागच्यांना किती, हे मी महिनोन्महिने घासत बसले. बारावीचा अभ्यास तेवढा घासला असता तर डॉक्टर झाले असते, असं आई आजही म्हणते.

शहरातल्या अशाच वेड्यांची एक ऑनलाइन स्पर्धा होती. घरबसल्या खेळायची. मी शेवटच्या फेरीत पोचले तेव्हा जेवताना विषय काढला. त्या रात्री पिटलं होतं, आणि पिटल्याच्या दिवशी अप्पा मऊ असतात. मी म्हणाले, मला ऑटोमोबाईल इंजिनीअरिंगला जायचं आहे. अप्पांचा घास हातातच राहिला. मुलीने बी.कॉम. करावं, बँकेची परीक्षा द्यावी, पंख्याखाली बसावं, हे त्यांनी माझ्या बारशालाच ठरवलं असावं. मी गाड्यांत गेले तर एक दिवस माझाच दावा टेबलावर येईल असं त्यांना वाटत होतं. हे ते तोंडाने बोलले नाहीत, पण मला कळत होतं. बराच वेळ भात कालवून ते म्हणाले, "शेवटच्या शर्यतींत पहिली आलीस तर ऑटोमोबाईल. नाही आलीस तर बी.कॉम. सेरी?" मी म्हणाले, "सेरी." आईने दोघांकडे पाहिलं आणि दह्यातल्या डांगर पच्चडीचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

शर्यत विजयादशमीच्या संध्याकाळी होती, माझ्या त्याच ट्रॅकवर. म्हणजे आदला दिवस आयुधपूजेचा. त्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार देवीपुढे जातं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. आमच्या हॉलमध्ये पायऱ्यांवर नवरात्रातल्या कोलूच्या बाहुल्या मांडलेल्या होत्या. त्यांच्यासमोर आईची विळी, कात्री, वाटणाचा दगड, माझी पुस्तकं, अप्पांचा ऑफिसचा पेन आणि कॅल्क्युलेटर ओळीने बसले. कॉम्प्युटर जागचा हलवता येत नव्हता, म्हणून देवीलाच जरा त्याच्याकडे वळवली. मी खूप गयावया केली. उद्या शर्यत, आज सराव नको का? अप्पा म्हणाले, "आज आयुधं विसावा घेतात. तूही घे." त्यांनी स्कूटर धुतली, पुसली, चंदन-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, दोन्ही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं आणि अत्यंत सावधपणे पुढे ढकलून ती फोडली. दृष्ट निघाली. मी मैत्रिणीकडे सुंडल, म्हणजे नवरात्रातली हरभऱ्याची उसळ, खायला गेले.

विजयादशमीला सकाळी पूजा उतरली. पुस्तकातलं एक पान वाचलं, आईने विळीवर एक काकडी चिरली, अप्पांनी कॅल्क्युलेटरवर दोन आणि दोन चार करून पाहिले. मी स्टिअरिंगसमोर बसले आणि गाडी सुरू केली. काहीही न दाबता गाडीने करकचून ब्रेक लावला. मग ब्रेक आपोआप सुटला. मग मी पेडल जमिनीपर्यंत दाबलं तरी लागला नाही. मी खाली वाकले. पेडल चिकट होतं. लिंबाचा वास येत होता. मुंग्यांची एक शिस्तशीर रांग ब्रेकच्या फटीतून आत चालली होती.

"अप्पा!"

अप्पा धोतर सावरत आले. "काय झालें?"

"इथे लिंबू कोणी ठेवलें?"

"मींच," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा खुलला. "स्कूटरची दृष्ट काढली, तुझ्या गाडीची नको? चाकं सांपडेनात. मग म्हटलें हींच हिचीं पावलं. तिन्हींखालीं एकेक ठेवलें, वरून नीट दाबलें. आज शर्यत आहे ना तुझी."

मी जे बोलायचं ते बोलले. तुम्हाला मी हरलेलीच हवी आहे, हेही म्हणाले.  अप्पांचा खुललेला चेहरा हळूहळू मावळला आणि ते कपाटातून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले. आम्ही दोघं जमिनीवर बसलो, पेडल्स उघडली. पाय किती दाबला हे मोजणारा एक छोटा फिरता भाग प्रत्येक पेडलमध्ये असतो. ॲक्सिलरेटरचा पुसून, वाळवून चालू झाला. ब्रेकच्या त्या भागात लिंबाची एक टपोरी बी अडकून बसली होती आणि आतला पत्रा रसाने काळा पडला होता; क्लचचीही तीच गत. सणाचा दिवस, जॉर्ज टाउन बंद. अप्पा ती बी तळहातावर घेऊन पाहत राहिले. पंचवीस वर्षांच्या नोकरीत एवढा साधा दावा त्यांच्यापुढे आला नसेल.

वाट एकच होती. ब्रेक कीबोर्डच्या एका बटणावर घ्यायचा. पण माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि चाकामागच्या दोन्ही पट्ट्या गिअरला गेलेल्या. तिसरा हात कुणाचा? आईकडे हळदकुंकवाला बायका यायच्या होत्या. अप्पा घसा खाकरून म्हणाले, "मी दाबतों." मी त्यांच्याकडे पाहिलं. पूर्ण मद्रासेत ब्रेक दाबण्याचा यांच्याइतका अनुभव कुणालाच नव्हता हे खरं. पण त्यांना आधी नियमात बसतं का हे हवं होतं, म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या मुलाला फोन करायला लावला. तो बराच वेळ हसला आणि म्हणाला, चालेल, फक्त अंकलना सांगा सीटबेल्ट लावा. अप्पांनी हे गंभीरपणे ऐकलं.

दुपारभर मी गाडी पुन्हा जुळवली. पेडल हळूहळू दाबता येतं, बटणाला मात्र दोनच गोष्टी कळतात, आहे किंवा नाही. म्हणून ब्रेकचा एकूण जोरच कमी केला, नाहीतर चाकं जाम होऊन गाडी घसरली असती. मागचा पंख उभा केला, म्हणजे वारा अडून वेग थोडा आपोआप उतरेल. खालचे गिअर आखूड केले, म्हणजे इंजिनही गाडीला मागे ओढेल. महिनोन्महिने घासलेली गाडी मी दोन तासांत अप्पांच्या मापाची केली. मग सराव. "हं" म्हटलं की दाबायचं, "पुरे" म्हटलं की सोडायचं. अप्पा 'हं'ची वाट कुठली बघतात! वळण क्षितिजावर दिसलं की दाबत. पुढे गाडी दिसली की दाबत. एकदा मोकळ्या रस्त्यावर दाबला. मी विचारलं, का? म्हणाले, "फार वेळ दाबला नव्हता."

संध्याकाळी हॉलमध्ये बायका जमल्या. कोलूपुढे गाणं म्हटल्याशिवाय सुंडल मिळत नाही, त्यामुळे एकेक जण आढेवेढे घेऊन गात होती. शेजारच्या मामी उंच सुरात चढल्या आणि आमची शर्यत सुटली. मी पाचवी होते. अप्पा खुर्चीच्या काठावर, एक बोट बटणावर, दुसऱ्या हाताने टेबल घट्ट धरलेलं. पहिल्या काही फेऱ्या मी "हं, पुरे, हं, पुरे" करत गेले आणि ते मुकाट्याने दाबत गेले. मग पुढच्या तिघांची एका वळणावर रेटारेटी सुरू झाली आणि मी काही म्हणायच्या आत अप्पांनी ब्रेक मारला. मी ओरडले. तेवढ्यात ते तिघंही एकमेकांत अडकून गिरक्या घेत रस्त्याबाहेर गेले आणि आम्ही त्यांच्या मधून, अगदी स्कूटरच्या चालीने, पलीकडे निघालो.

"भांडणार हें दिसतच होतें," अप्पा म्हणाले.

आम्ही दुसरे होतो. पुढे एकच गाडी, लाल. त्यानंतर अप्पांमध्ये काहीतरी बदल झाला. ते पडद्याच्या जवळ सरकले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. आधी ते लवकर दाबत, आता बरोबर माझ्या 'हं'वर दाबू लागले, आणि 'पुरे' म्हणायच्या आत सोडू लागले. प्रत्येक फेरीत लाल गाडी जवळ येत होती. "घे गे, घे त्याला," असं कुणीतरी तमिळ सुरात पुटपुटत होतं आणि ते माझे अप्पा होते हे समजायला मला वेळ लागला. शेवटची फेरी. लांब सरळ रस्ता. लाल गाडीच्या अगदी पाठीला आम्ही. टोकाला काटकोन, आणि पलीकडे रेघ. मामींनी गाणं संपवलं होतं आणि हॉलमध्ये क्षणभर शांतता होती.

"हं!" मी म्हणाले.

अप्पांनी दाबलं नाही.

"हं! अप्पा, हं!"

बोट बटणावर होतं. हललं नाही. लाल गाडी ब्रेक लावून आमच्या शेजारून मागे गेली. एक क्षण, खरोखर एक क्षण, आम्ही पहिले होतो. मी होती नव्हती ती ताकद लावून स्टिअरिंग फिरवलं, पुढची चाकं वळली, गाडी वळली नाही. ती सरळ वाळूत गेली, वाळूतून टायरच्या भिंतीवर आदळली आणि थांबली. लाल गाडीने रेघ ओलांडली. तिच्या मागोमाग आणखी तिघं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"मागें टाकलें ना पण त्याला?" अप्पा म्हणाले. त्यांचे डोळे चकाकत होते, कपाळावरचं गंध घामाने ओघळलं होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आपण काय केलं हे त्यांच्या ध्यानात आलं. आई सुंडलची ताटली घेऊन दारात उभी होती.

"काय झालें?"

"हरलों," अप्पा म्हणाले.

"म्हणजे बी.कॉम.?"

 मी मान हलवली. अप्पा उठले, धोतर झटकलं आणि ऑफिसातला निकाल द्यावा तसे म्हणाले, "नाही. तिने सांगितलें तेव्हां ब्रेक लागला असता तर ती जिंकली असती. ब्रेक माझ्या हातीं होता. हरलों तो मी. पैज हिची होती. तेव्हां ऑटोमोबाईल."

"सेरी," आई म्हणाली, "मग बी.कॉम. तुम्ही करा."

"माझें झालें आहे," अप्पा म्हणाले.

"मग परत करा. पहिल्याने काही उपयोग झाला नाही." आणि तिने त्यांच्या हातावर सुंडल ठेवली. मी रडत होते आणि हसत होते, आणि हॉलमधल्या मामींना वाटलं आमच्याकडे कुणाचं लग्न ठरलं.

मी ऑटोमोबाईलला गेले. वर्गात मुली अगदी थोड्या. नोकरीही गाड्यांच्या कारखान्यातच लागली. अप्पांनी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा वळणाच्या मैलभर आधी हात काढायला सुरुवात केली. त्या बटणाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मला विचारायची भीती वाटे. घाबरले म्हणाले असते तर मला वाईट वाटलं असतं, आणि मुद्दाम हरवलं म्हणाले असते तर त्याहून वाईट.

पहिली गाडी घेतली तेव्हा मी त्यांना समुद्राकाठच्या रस्त्याने मद्रासजवळच्या कोवलमला नेलं. आमच्या त्या बखरीच्या मराठीत ते वाटभर सूचना देत होते, आणि प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय समोरच्या रिकाम्या जागेत जोरात दाबला जात होता. कोवलमला होड्या वाळूवर ओढून ठेवल्या होत्या, जाळी वाळत होती. परतताना मी एकदम विचारलं, "अप्पा, त्या दिवशीं तुम्ही ब्रेक कां नाही दाबला?"

कुठला दिवस हे त्यांनी विचारलं नाही. काचेतून बाहेर बघत ते म्हणाले, "तू वळवशील असें वाटलें."

"तेवढ्या वेगांत कोणालाच वळलें नसतें, अप्पा."

"तें मज काय ठाऊक? मी तुला पाहत होतों, रस्ता नव्हे."

आयुष्यभर कुठल्याही वाहनावर भरवसा न ठेवलेल्या माणसाने तो सगळा साठवून एका क्षणी माझ्यावर टाकला होता, आणि मी इतकी वर्षं त्याला चूक समजत होते. मी इंडिकेटर लावला, गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. अप्पांनी विचारलं, काय झालें. मी म्हणाले, काही नाही, जरा समोरचं नीट दिसत नाही.